केळ, तेल आणि श्वास: नऊ-चारच्या आकड्यामागचा इतिहास

रावेर-यावलकडे केळीची कापणी चालू असली की मजूर वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा उचलतो. न्याहारीला कळण्याची भाकरी, ठेचा आणि त्यावर शेंगदाण्याच्या तेलाची धार. भाकरीतला स्टार्च आणि ते तेल, दोन्हींतून ताकद मिळते. पण एकाच रीतीने नाही. हे उलगडायला पावणेदोनशेहून अधिक वर्षं लागली.

१७८०च्या दशकात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजलं. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हा विचार तिथून पक्का झाला. शंभर वर्षांनी जर्मनीत रुबनर आणि पाठोपाठ अमेरिकेत ॲटवॉटर यांनी अन्नाच्या उष्णतेचा हिशेब मांडला: ग्रॅमला कर्बोदकं (स्टार्च, साखर) ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ (तेल, चरबी) ९. पाकिटांवरच्या कॅलरींचा हिशेब आजही याच आकड्यांवर चालतो. या फरकाचं कारण साधं आहे. कर्बोदकाच्या रेणूत ऑक्सिजन आधीच भरपूर असतो, म्हणजे ते थोडं जळून आलेलंच असतं. तेलात तो अगदी कमी. म्हणून एका मध्यम केळात शंभरेक कॅलरी, तर पोह्याच्या मोठ्या चमचाभर तेलात एकशेवीस.

पण नऊ मोठे म्हणून तेल सरस, असं मानणं मला पटत नाही. १९२०मध्ये कोपनहेगनला ऑगस्ट क्रोग आणि लिंडहार्ड यांनी माणसांना सायकल मारायला लावून त्यांचा श्वास मोजला. तेवढ्याच कामाला चरबीवर ऑक्सिजन जास्त लागत होता. चढावर धाप लागते तेव्हा स्नायू साखरेकडे वळतात, त्याचं हे एक कारण.

मात्र साखरेचा साठा लहान. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७मध्ये यकृतातून वेगळं काढलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचं साठवलेलं रूप, यकृत आणि स्नायू मिळून जेमतेम अर्धा किलो, शिवाय ते पाणी धरून ठेवतं. चरबी पाण्याविना साठते. सडपातळ माणसाच्या अंगावरही किलोंनी असते. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन यांनी मांडीत सुई घालून स्नायूचा कण काढला, आणि दमलेल्या माणसाचं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं दिसलं.

दुपारी घड उचलताना पाय जड पडतात, तेव्हा अंगावरची चरबी जागच्या जागीच असते. तळ गाठलेला असतो तो या छोट्या साठ्याने.