पुंगळी अडकली की आधी पुंगळीच बघा

पिस्तूल जाम झालं की पहिला संशय एक्स्ट्रॅक्टरवर जातो. पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याची, कड पकडून तिला चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून) मागे ओढणारी ही छोटीशी आकडी. ती बदला, तिचं टोक कानशीने घासा, तिची स्प्रिंग कडक करा, असे सल्ले लगेच मिळतात. स्पर्धेसाठी फेरफार केलेल्या पिस्तुलात मात्र माझ्या मते ही आकडी बऱ्याचदा निर्दोष असते. बिघडलेलं असतं ते स्लाइडचं (बार उडाल्यावर मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचं) वजन, तिला परत पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगची ताकद आणि काडतुसाचा जोर यांचं गणित. त्याचा पुरावा अडकलेल्या पुंगळीवरच असतो आणि नेमकी तीच आपण वैतागून भिरकावून देतो.

आधी जाम कोणता ते ओळखायला हवं. रिकामी पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि मागून नवं काडतूस तिच्यावर येऊन आदळलं, तर पुंगळी बाहेर ओढलीच गेलेली नाही. ती चेंबरमधून निघाली पण स्लाइडच्या खिडकीत उभी चिमटली (याला स्टोव्हपाइप म्हणतात), तर ओढण्याचं काम झालंय, बाहेर फेकण्याचं फसलंय. या दोन्ही दोषांची कारणं वेगळी असतात.

पॉइंट टू-टू (०.२२ इंची) काडतुसाच्या बहुतेक २५ मीटर पिस्तुलांत स्लाइडला किंवा तिच्याऐवजी सरकणाऱ्या आतल्या बोल्टला कसलंही कुलूप नसतं. बार उडाला की वायूचा दाब गोळीला पुढे आणि पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळीला थोपवून धरतं ते मुख्यतः त्या हलणाऱ्या भागाचं वजन. म्हणजे इथे पुंगळीला बाहेर काढतो तो वायूच. आकडीचं खरं काम निघालेली पुंगळी धरून ठेवण्याचं.

थोडं गणित मांडू. गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२० मीटर, हलणारा भाग २५० ग्रॅमचा. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने तो भाग सेकंदाला सुमारे ३.३ मीटर वेगाने मागे येतो, आणि गोळी नळीत १०० मिलिमीटर सरकेपर्यंत तो एक मिलिमीटर मागे आलेला असतो. (वायूचा वाटा आणि स्प्रिंगचा विरोध सोपेपणासाठी सोडून दिला आहे.) आता नेम लवकर परत जागेवर यावा म्हणून कुणी तो भाग कोरून २०० ग्रॅमवर आणला. वेग ४.२ मीटर होतो, ऊर्जा १.४ ज्यूलवरून १.७ ज्यूलवर जाते आणि गोळी अजून नळीत असतानाच पुंगळी १.३ मिलिमीटर मागे आलेली असते. मिलिमीटरचे तीन दशांश कुणाला क्षुल्लक वाटतील. पण त्या क्षणी दाब चढा असतो, पुंगळीची पातळ भिंत चेंबरला घट्ट चिकटलेली असते, आणि चेंबरबाहेर आलेल्या भागाला भोवतालच्या पोलादाचा आधार उरलेला नसतो.

पितळेचा स्वभाव नाशिकच्या तांबट लेनमध्ये पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. मठारताना हातोडीचे ठोके पडतील तसा पत्रा ताठ होत जातो. पुन्हा आकार द्यायचा तर तापवून मऊ करावा लागतो. काडतुसासाठीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, आणि थंड स्थितीत ओढून घडवल्यामुळे ते ताठ राहतं. बार उडताच पुंगळी फुगून चेंबरला टेकते आणि वायू मागे गळू देत नाही. दाब उतरला की ताठपणामुळे ती पुन्हा अंग चोरून घेते. किती? ताठ पितळ हजारात सुमारे चार भाग ताणलं तरी मूळ मापावर येतं. पॉइंट टू-टूच्या पुंगळीचा व्यास ५.७ मिलिमीटर, म्हणजे सुटायला मिळणारी मोकळीक जेमतेम ०.०२ मिलिमीटर!

ही मोकळीक खाऊन टाकायला फार काही लागत नाही. या काडतुसाच्या शिशाच्या गोळीला मेणासारखं वंगण लावलेलं असतं. मेण, शिसं आणि काजळी यांचा थर चेंबरच्या पुढच्या टोकाशी साचतो. चेंबरमधला आडवा ओरखडाही तेवढाच घातक. आणि तो ओरखडा काढायला कुणी चेंबर घासून किंचित मोठा केला, तर पुंगळी जास्त फुगते, ताणाची हद्द ओलांडते आणि मूळ मापावर येतच नाही. त्या पिस्तुलात आकडी कितीही कडक केली तरी ती कड कुरतडण्यापलीकडे काही करू शकत नाही.

म्हणून भिंग घ्या आणि पुंगळीचं बूड बघा. या काडतुसात फायरिंग पिनचा (बार उडवणाऱ्या खिळीचा) ठसा कडेवरच उमटतो, त्यावरून पुंगळी चेंबरमध्ये कशी बसली होती ते कळतं. आता आकडीच्या बाजूची कड तपासा. तिथे ओरबाडल्याची खूण असेल, तर आकडीने धरलं होतं आणि पुंगळी सुटली नाही. दोष चेंबरमध्ये किंवा मागे येण्याच्या घाईत आहे. खूणच नसेल तर पकडच बसली नाही. आकडीखालची घाण, मग तिची स्प्रिंग तपासायची. समोरच्या बाजूला इजेक्टरचा, म्हणजे पुंगळी बाहेर उडवणाऱ्या स्थिर ठोकरीचा, ठोका दिसतो. आकडीने एका बाजूने धरलेली पुंगळी दुसऱ्या बाजूने या ठोकरीवर आपटते, आकडीभोवती गर्रकन फिरते आणि खिडकीतून उडते. ठोका अगदी पुसट असेल तर स्लाइड हळू आली किंवा पूर्ण मागे आलीच नाही.

ही तक्रार आयपीएससीच्या (धावत-पळत नेमबाजी करायच्या प्रॅक्टिकल शूटिंग स्पर्धांच्या) ओपन विभागातल्या पिस्तुलांत ठळकपणे दिसते. ऑलिम्पिकच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारांत कॉम्पेन्सेटरला मनाई आहे, इथे तो चालतो. नळीच्या टोकाशी तो वायू वर सोडतो, त्यामुळे झटका कमी होतो. पण स्लाइडला मागे रेटणारा जोरही त्याच वायूतून येत असतो! कॉम्पेन्सेटर लावून मूळची जाड स्प्रिंग तशीच ठेवली की स्लाइड अर्ध्यावरून परतते आणि पुंगळी चिमटते. स्लाइडवर रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवला तर वजन वाढून वेग आणखी घटतो. कधी दोष याहून साधा असतो: पुंगळी नीट उडते, पण साइटच्या माउंटवर आपटून परत आत येते. माउंटच्या खालच्या कडेवर पितळेचा पिवळा ओरखडा दिसला तर शोध तिथेच संपला.

नाशिकच्या हिवाळ्याचाही यात हात आहे. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत जाड तेल घट्ट होतं, मेणाचा थर कडक बसतो आणि थंड काडतुसाचा दाबही थोडा कमी भरतो. मे महिन्यात सुरळीत चालणारं, स्प्रिंगच्या बाबतीत काठावर असलेलं पिस्तूल जानेवारीच्या सकाळी अडतं. पातळ तेल, तेही थोडंसंच, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्याच्या रॅपिड टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी लक्ष्य फक्त ३ सेकंद समोर असतं. पुंगळी अडकणं नियमांत ग्राह्य बिघाड धरलं जातं, पण नेमबाजाने स्वतः स्लाइड उघडली तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही. नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा. नव्या मुलामुलींना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. दुरुस्तीचंही तसंच. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत हातात जादू असलेले टर्नर-फिटर आहेत, पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करता येत नाही. काम परवानाधारक आर्मोररकडेच (शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच) द्यायचं.

त्याच्याकडे जाताना अडकलेल्या पुंगळ्या पाकिटात घालून न्या. पाकिटावर काडतुसाचा लॉट (खोक्यावरचा उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक), कोणती स्प्रिंग होती आणि मॅगझिनमधली कितवी गोळी अडकली ते लिहा. मॅगझिन भरलेलं असताना पुंगळी नीट उडते आणि शेवटचीच अडकते, असं दिसलं तर आकडीची पकड खरोखर ढिली असू शकते, कारण तोवर खालचं काडतूस पुंगळीला टेकू देत असतं. आणि स्प्रिंग बदलली त्या दिवशी काडतुसाचा लॉट बदलू नका.