एस्पेरांतो : वाक्यरचना व शब्दक्रम

एस्पेरांतो ही लुद्विक झामेनहोफ या नेत्रवैद्याने रचलेली भाषा. तिचे पहिले पुस्तक १८८७ मध्ये वॉर्सात छापले गेले आणि त्यात व्याकरणाचे नियम अवघे सोळा होते. वाक्यातले शब्द कसेही मांडा, अर्थ बदलत नाही, अशी या भाषेची ख्याती आहे. ती निम्मीच खरी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी आणि कन्नड एकाच तोंडी नांदतात. तिथल्या वाचकाला ही ख्याती कुठे टिकते आणि कुठे नाही, हे चटकन कळते.

कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्यापुरते स्वातंत्र्य पूर्ण आहे. नामाच्या शेवटी ‘ओ’ असतो आणि ते नाम कर्म झाले की त्याला ‘न’ लागतो. ‘श्तोनो रोम्पास स्पेगुलोन’ म्हणजे दगड आरसा फोडतो. ‘स्पेगुलोन रोम्पास श्तोनो’ म्हटले तरी फुटतो आरसाच. असे सहाही क्रम चालतात. रोजच्या वापरात मात्र कर्ता-क्रियापद-कर्म हाच अधिक. मराठीत सजीव कर्माला ‘ला’ लागतो, निर्जीव कर्म बहुधा मोकळेच राहते. त्यामुळे ‘दगड आरसा फोडतो’ याच्या जागी ‘आरसा दगड फोडतो’ म्हटले की घोटाळा होतो. कन्नडातही बोलताना निर्जीव कर्माचा ‘अन्नु’ सहज गळतो. एस्पेरांतोत ‘न’ गाळण्याची मुभा नाही. विशेषणालाही तो घ्यावा लागतो, म्हणून विशेषण नामाच्या मागे-पुढे कुठेही ठेवता येते.

याच ‘न’चे दुसरे काम दिशा दाखवण्याचे. ‘ली कूरास एन ला दोमो’ म्हणजे तो घरातल्या घरात पळतो आहे. ‘एन ला दोमोन’ म्हटले की तो बाहेरून घरात पळत शिरतो. मराठीतला ‘घरात’ दोन्हीकडे चालतो, संदर्भाने समजून घ्यायचे. कन्नड मात्र ‘मनेयल्लि’ आणि ‘मनेगे’ असा भेद ठेवते, त्यामुळे दुभाषी माणसाला हा नियम नवा वाटत नाही.

क्रियापदाचे प्रकरण सीमाभागासाठी विशेष रंजक आहे. प्रमाण मराठीत ‘मी काम केलं’, ‘मी भाकरी खाल्ली’ : क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाशी जुळते. बेळगावच्या बोलीत ‘मी काम केलो’, ‘मी भाकरी खाल्लो’ असे सर्रास ऐकू येते, कारण शेजारच्या कन्नडात क्रियापद करणाऱ्याशीच जुळते. शाळेत याला चूक म्हणतात. भाषांच्या शेजाराचा तो सरळ परिणाम आहे. एस्पेरांतोत जुळण्याचा प्रश्नच नाही. मी, तू, ती, ते, कोणीही वाचले तरी भूतकाळी रूप ‘लेगिस’. लिंग नाही, वचन नाही, पुरुषही नाही. म्हणूनच कर्ता सहसा गाळता येत नाही. आपल्याकडे नुसत्या ‘आलो’मध्ये ‘मी’ किंवा ‘आम्ही’ कळतो, तिथे ‘वेनिस’मधून कोण आले ते कळणार नाही.

स्वातंत्र्य संपते ते लहान शब्दांपाशी. टेबलावर म्हणायचे तर ‘सुर ला ताब्लो’. संबंध दाखवणारा शब्द नेहमी नामाच्या आधी. नकाराचा ‘ने’ ज्या शब्दाला नाकारायचे त्याच्या लगेच आधी बसतो, आपला ‘नाही’ बहुधा वाक्याच्या शेवटी. ‘मी पण’ म्हणायला ‘आन्काऊ मी’. हा क्रम मराठीत जशास तसा आणला तर ‘पण मी’ होऊन अर्थच निसटतो. प्रश्नही तसाच. ‘जेवलास का?’ मधला ‘का’ आणि ‘ऊट आयिता?’ मधला ‘आ’ शेवटी येतात, तर ‘चु वी मांजिस?’ मधला ‘चु’ दारातच उभा. तो पोलिश भाषेच्या वळणाचा आहे. हे शब्द हलवायचे नसतात, आणि मराठी-कन्नड बोलणाऱ्याची जीभ अडखळते ती इथेच, ‘न’पाशी नव्हे.

जोडवाक्यांत ‘के’ हा शब्द उपवाक्याच्या आधी येतो : ‘ली दीरिस, के ली वेनोस’, म्हणजे तो येईल असे तो म्हणाला. बेळगावात ‘येतो म्हणून सांगितला’, कन्नडात ‘बर्तीनि अंत हेळिदा’. दोन्हीकडे ‘म्हणून’ आणि ‘अंत’ बोललेल्या मजकुराच्या नंतर. तरी एक गोष्ट सोयीची आहे. मूळ बोलण्यातला काळ एस्पेरांतोत तसाच राहतो, इंग्रजीसारखा मागे ढकलावा लागत नाही.

सामासिक शब्दांत मात्र अगदी घरचा क्रम आहे. मुख्य पद शेवटी : ‘वापोरो’ म्हणजे वाफ, ‘शिपो’ म्हणजे जहाज, मिळून ‘वापोरशिपो’. आपल्या आगबोटीची बांधणी हीच.

‘न’वर टीकाही पुष्कळ झाली, विशेषतः ज्यांच्या मातृभाषेत कर्माला प्रत्यय नाही त्यांच्याकडून. १९०७ मध्ये एस्पेरांतोत सुधारणा म्हणून पुढे आलेल्या इदो भाषेने त्यावर तडजोड काढली : कर्म कर्त्याच्या आधी आले तरच ‘न’ लावायचा, एरवी जागेवरूनच ओळखायचे.