सामायिक कॉल लॉग

गटाच्या क्रमांकावर आलेले आणि त्यावरून केलेले कॉल गटातल्या सर्वांना एकाच यादीत दाखवणारी, कार्यालयीन फोन प्रणालीतील सोय. एकच क्रमांक अनेक जण सांभाळतात तिथे, राहिलेल्या कॉलला कोणी उलट फोन केला की नाही, हे त्यातून कळते.

नोंद सर्व्हरवर तयार होते. तिच्यात दोन्ही क्रमांक, सुरुवातीची, उचलल्याची व संपल्याची वेळ, एक्स्टेंशन (कार्यालयातला अंतर्गत फोन क्रमांक) आणि निकाल (उचलला, व्यस्त, अनुत्तरित, अयशस्वी) असतो. अ‍ॅस्टरिस्क या मुक्त-स्रोत फोन प्रणालीत एकूण कालावधी आणि उचलल्यानंतरचे सेकंद वेगळे नोंदले जातात. फोन २० सेकंद वाजून १०० सेकंद बोलणे झाले, तर पहिला आकडा १२० व दुसरा १०० येतो. अहवालात चुकून पहिला घेतला की बोलण्याची सरासरी फुगते.

खरी अडचण एका कॉलला एकच कॉल म्हणून मोजण्याची आहे. रिंग ग्रुपमध्ये, म्हणजे एकाच कॉलला एकत्र वाजणाऱ्या फोनच्या गटात, चार फोन एकदम वाजतात आणि एक जण उचलतो. उरलेल्या तिघांकडे मिस्ड कॉल उमटू शकतो. एसआयपीमध्ये (इंटरनेटवरून कॉल जोडण्या-तोडण्याच्या प्रमाणित पद्धतीत) यावर तोड आहे: उरलेल्या फोनना रद्द करण्याचा संदेश पाठवताना ‘कॉल दुसरीकडे उचलला’ असे कारण, २०० या कोडसह, जोडता येते. मात्र फोनने ते वाचले नाही किंवा मधल्या सर्व्हरने गाळले, तर तिघेही त्याच ग्राहकाला उलट फोन करत बसतात. म्हणून सामायिक यादी प्रत्येक फोनमधला लॉग गोळा करून बनवू नये. ट्रान्सफरचेही असेच. एका कॉलचे दोन-तीन तुकडे नोंदले जातात. ते समान ओळख-क्रमांकाने जोडले नाहीत तर कॉलची संख्या वाढलेली दिसते.

सोय सुरू करताना अ‍ॅडमिन गट बनवतो, सदस्य जोडतो आणि कोणाला स्वतःच्या, गटाच्या की सगळ्या नोंदी दिसाव्यात हे ठरवतो. रेकॉर्डिंग ऐकण्याची परवानगी यापासून वेगळी ठेवावी. यादी पाहू शकणाऱ्या प्रत्येकाला संभाषण ऐकण्याची गरज नसते. नोंद एक्स्टेंशनला नव्हे, वापरकर्त्याला बांधलेली हवी. नाहीतर कोणी नोकरी सोडल्यावर तेच एक्स्टेंशन नव्या माणसाला दिले की जुने कॉल त्याच्या नावावर दिसू लागतात.

राहिलेला कॉल ‘पूर्ण’ ठरवण्यासाठी प्रणाली क्रमांक जुळवून पाहते. येणारा क्रमांक देशाच्या कोडसह आणि जाणारा शून्य लावून साठवला असेल तर जुळणी चुकते. सर्व क्रमांक ई.१६४ या देशाच्या कोडसह लिहिल्या जाणाऱ्या, जास्तीत जास्त १५ अंकी, आंतरराष्ट्रीय स्वरूपात साठवणे हा उपाय. वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवून पाहणाऱ्याच्या स्थानिक वेळेत दाखवाव्यात. खासगी मोबाइलवरून केलेला उलट फोन प्रणालीला कळतच नाही, त्यामुळे तो हाताने नोंदवावा लागतो. आपल्या फोनवरची नोंद पुसली तरी सर्व्हरवरची सहसा तशीच राहते. ती किती दिवस ठेवायची हे अ‍ॅडमिनने आधीच ठरवून सदस्यांना सांगावे.