प्रादेशिक प्रतिनिधी, परदेशस्थ युवकांचा

परदेशी राहणाऱ्या आपल्या समाजातील तरुणांची बाजू मांडण्यासाठी युवक-हक्क संस्था एखाद्या प्रदेशापुरती जी व्यक्ती नेमते, तिला ही संज्ञा लावतात.

परदेशस्थ समाजासाठी वापरला जाणारा ‘डायस्पोरा’ हा मूळ ग्रीक शब्द विखुरण्याचा वाचक असून बायबलच्या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तो ज्यूंच्या पांगण्यासंबंधी येतो. हिंदीतील ‘प्रवासी भारतीय’ मराठीत जसाच्या तसा घेतला, तर ठाणे स्थानकावर लोकलची वाट पाहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. म्हणून ‘परदेशस्थ’ हाच शब्द सोयीचा. ‘युवक’ कोणास म्हणावे याविषयी मतभेद आहेत. संयुक्त राष्ट्रे आकडेवारीसाठी १५ ते २४ वर्षे धरतात, भारताचे २०१४ चे राष्ट्रीय युवा धोरण १५ ते २९, तर २००६ ची आफ्रिकी युवा सनद १५ ते ३५. यांपैकी शेवटची व्याख्या येथे अधिक उपयोगी ठरते, कारण या सनदेत परदेशस्थ युवकांविषयी स्वतंत्र कलम आहे.

प्रतिनिधी संस्थेने नेमावा की त्या समाजातूनच पुढे यावा, हा जुना वाद आहे. ठाण्यात १८७९ पासून सिनेगॉग असलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल या ज्यू समाजाचे उदाहरण दुसऱ्या पक्षाकडे झुकते. इस्राएलमध्ये गेलेल्या या लोकांच्या विवाहांबाबत तेथील ज्यू धर्मपीठाने वंशचौकशीची अट घातली, तेव्हा त्यांनी स्वतःच जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांच्या समान दर्जाचा ठराव केला.

नेमणूक कार्यकारी मंडळाच्या सभेत होते. गणपूर्ती, ठराव, सूचक व अनुमोदक यांची नोंद इतिवृत्तात होऊन मग नियुक्तिपत्र निघते. त्यात मुदत आणि संस्थेच्या नावाने निवेदन देण्याची मर्यादा स्पष्ट नसेल, तर पुढे तंटा ठरलेलाच. विश्वस्त बदलल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. विश्वस्त नसलेल्या प्रतिनिधीसाठी तो लागत नाही, असे मानणे सयुक्तिक दिसते. नवी मुंबईतील संस्थांना जिल्ह्याकडेही लक्ष द्यावे लागते : वाशी ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये.

देणग्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही; परंतु त्याच्याच भावाने परदेशी नागरिकत्व घेतले असल्यास त्याची देणगी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येते. प्रतिनिधीला एकाच घरातील दोन भावांसाठी दोन नियम सांभाळावे लागतात.

मताधिकाराबाबतही हाच भेद आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकाला मतदारयादीत नाव नोंदवता येते, ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला, नाही. घोडबंदर रस्त्यावरचा पत्ता पासपोर्टवर असलेल्या तरुणाचे नाव त्या पत्त्याच्या मतदारसंघात लागते. मत देण्यासाठी मात्र त्याला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः मतदान केंद्रावर यावे लागते.