मधुमेह आणि रक्तशर्करेवरील वनौषधी (नाशिक)

रक्तातील साखर आटोक्यात राहावी म्हणून घेतली जाणारी झाडपाल्याची चूर्णे, काढे, रस व गोळ्या आणि त्यांचा नाशिक शहर-जिल्ह्यातील वापर. बोलताना इथे सहसा कोणी ‘मधुमेह’ म्हणत नाही. ‘शुगर निघाली’ असे म्हणतात, आणि ती निघाली की थोड्याच दिवसांत गोळ्यांच्या पाकिटाशेजारी चूर्णाची एक बरणी येऊन बसते. गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात. बरणी मावशीने, शेजाऱ्याने किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीने. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात जातात, पण बरणीची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर बहुधा जात नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. १ लाख १३ हजार प्रौढांच्या त्या पाहणीत ११.४ टक्के लोकांना मधुमेह, तर १५.३ टक्क्यांना त्याच्या आधीची पायरी असलेला पूर्वमधुमेह आढळला. देशाच्या लोकसंख्येच्या हिशेबाने हे आकडे सुमारे १०.१ कोटी आणि १३.६ कोटी होतात. याच पाहणीच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. तेव्हा राज्यातील प्रमाण ८.४ टक्के होते, शहरांत १०.९ आणि खेड्यांत ६.५. खेड्याचा आकडा शहराच्या निम्म्याहून बराच वर होता, हे तेव्हाच लक्षात घ्यायला हवे होते.

नाशिक शहराची लोकसंख्या १९९१ साली साडेसहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजारांवर गेली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळ्या, रात्रपाळीने मोडलेली झोप, डब्याऐवजी गाडीवरचा वडापाव, दोन चौकांच्या अंतरालाही दुचाकी: आजाराला लागणारी सगळी सामग्री या वाढीत आली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकते. पण नागलीच्या भाकरीची जागा बऱ्याच घरांत रेशनच्या तांदळाने घेतली आहे. शिवाय आपल्या शरीराची ठेवणही वेगळी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, दिसायला सडपातळ भारतीय माणसाच्या अंगातही, विशेषतः पोटाभोवती, चरबी जास्त असते. २००४ साली त्यांनी एका ब्रिटिश सहकाऱ्यासोबत स्वतःचेच मोजमाप प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण चरबी सहकाऱ्याच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. ‘मी कुठे जाड आहे, मला कशी शुगर?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आयुर्वेदाला हा आजार जुना. प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांच्या गटाचे, वीस प्रकार सांगितले आहेत आणि मधुमेह हा त्यांतल्या वातज, म्हणजे वातदोषातून होणाऱ्या, प्रकारांत मोडतो. चरकसंहितेत कारणे सांगताना सर्वांत आधी येते ‘आस्यासुख’, म्हणजे बसून राहण्याचे सुख; मग झोपेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ. उपचाराबाबत तिथे एक महत्त्वाचा भेद केला आहे: एक प्रमेही स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्याचे शोधन, म्हणजे शरीरशुद्धी करायची, दुसऱ्याचे पोषण. याचा अर्थ सरळ आहे. सर्वांना एकच बरणी विकणे हे खुद्द आयुर्वेदालाच धरून नाही. वैद्य नाडी बघतो, भूक-झोप विचारतो, मग मात्रा ठरवतो. जाहिरातीतला चमचा मात्र साठ किलोच्या आणि नव्वद किलोच्या माणसाला सारखाच असतो.

नाशिकमध्ये जंगल आणि बाजार यांच्यात अंतर फार नाही. पश्चिमेकडच्या डोंगरांतला पाला, साली, बिया शहरातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत येतात. पावसाळ्याच्या तोंडावर जांभळे आली की बिया धुऊन, सावलीत वाळवून, कुटून ठेवणे हा अनेक घरांतला नेम. बाल्कनीच्या कुंडीत ‘इन्सुलिनचे झाड’ही दिसते आणि रोज सकाळी त्याचे एक पान चावले जाते. त्या पानात इन्सुलिन नसते. असते तरी पोटातल्या पाचकरसांनी ते मोडून टाकले असते. इन्सुलिन टोचूनच का घ्यावे लागते, याचे कारण तेच.

गुडमार : मधुनाशिनी किंवा बेडकीचा पाला. एक पान नीट चावून, थुंकून, वर चिमूटभर साखर जिभेवर ठेवावी. साखर गोड लागत नाही, वाळूसारखी कचकचते. पानातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोडाची संवेदना काही काळ अडवतात. अर्ध्या-पाऊण तासाने गोडी परत येते. हा अनुभव इतका जोरकस असतो की रक्तातली साखरही अशीच नाहीशी होत असेल, असे वाटून जाते. जीभ आणि रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तशर्करेवर काही परिणाम दिसल्याचे लहान अभ्यास आहेत, पण गोळी बंद करावी इतका भक्कम पुरावा नाही.

विजयसार : बिबल्याचे लाकूड. त्याचा कोरून केलेला पेला यात्रेच्या ठिकाणी, प्रदर्शनात, आता घरपोचही मिळतो. रात्री त्यात पाणी भरून ठेवले की सकाळी ते तपकिरी होते आणि उजेडात धरले तर कडेला निळसर झाक दिसते. काही आठवड्यांनी रंग उतरू लागतो, म्हणजे लाकडातला अर्क संपत आला. या झाडाची दखल आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही घेतली होती. नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांना विजयसार देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. बारा आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि अर्क मोजून दिलेला होता. पेल्यातल्या पाण्यात आज किती उतरले आणि महिन्याने किती, हे घरी कोण मोजणार?

मेथीचे काम सर्वांत समजण्यासारखे आहे. भिजवलेल्या दाण्यांचा बुळबुळीतपणा म्हणजे विद्राव्य तंतू. ते आतड्यात साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे जेवणानंतरचा आकडा थोडा खाली राहू शकतो. कारल्याच्या रसाचे कौतुक मोठे, चाचण्या मात्र थोड्या आणि लहान. दालचिनीत, विशेषतः बाजारात सर्रास मिळणाऱ्या जाड सालीच्या कॅशिया जातीत, कुमारिन नावाचे द्रव्य असते. रोज चमच्याने खाल्ली तर ते यकृताला जड जाऊ शकते. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, पुढे इतर केंद्रांतूनही तशा नोंदी आल्या. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य त्यानंतर तरी थांबायला हवे होते.

वनस्पतींतून मधुमेहाचे औषध निघत नाही, असे मात्र अजिबात नाही. जगभर सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनचे मूळ युरोपातल्या गॅलेगा या जांभळट फुलांच्या झुडपात आहे. त्यातील द्रव्य साखर उतरवी, पण विषारी होते. त्याच रासायनिक कुळातले सुरक्षित संयुग प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. झुडपापासून गोळीपर्यंतचा हा सगळा प्रवास मात्रा शोधण्याचा होता. आपल्याकडेही त्या दिशेने पावले पडली आहेत: केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेचे ‘आयुष-८२’ (कारले, जांभूळबी, आंब्याची कोय, गुडमार, शिलाजित), तसेच लखनौच्या दोन सरकारी प्रयोगशाळांतून निघून २०१५ च्या सुमारास बाजारात आलेले ‘बीजीआर-३४’ हे वनौषधींचे औषध.

खरा धोका बहुतेक वेळा भर घालण्यात आणि गाळण्यात असतो. ग्लिमेपिरायडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू, त्यात सकाळी कारल्याचा रस, दुपारी चूर्ण, आणि श्रावणी सोमवारचा उपवास: संध्याकाळी हात थरथरतात, दरदरून घाम येतो, समोरच्याचे बोलणे कळेनासे होते. ही साखर उतरल्याची खूण आहे. घरचे तिला उपवासाचा अशक्तपणा समजतात. अशा वेळी लगेच साखरेचे पाणी द्यावे लागते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा लागतो. दुसरे टोक इन्सुलिन बंद करण्याचे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, जो बहुधा मुलांत व तरुणांत दिसतो, इन्सुलिन थांबले की काही दिवसांतच रक्तात आम्ल साचून जीवावर बेतते. ‘महिनाभर हे चूर्ण दे, सुया सुटतील’ असे अशा मुलाच्या आईला सांगणाऱ्याला कोणतीही माफी नाही.

काही बरण्यांत लेबलावर नसलेलेही असते. वनौषधी म्हणून विकलेल्या मालात ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी आधुनिक औषधे मिसळलेली सापडल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत; चूर्ण ‘लगेच लागू पडते’ तेव्हा हा संशय घ्यायला जागा असते. इंटरनेटवर मिळणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले (२००८). मूत्रपिंड आधीच थकलेल्या मधुमेह्यासाठी हे विशेष घातक.

कायद्याने आयुर्वेदिक औषधाला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असतो. तो अन्नाचा परवाना आहे, औषधाचा नव्हे, आणि त्याच्या आधारे रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत मधुमेह नावानिशी आहे, म्हणजे ‘मधुमेह मुळापासून बरा’ ही जाहिरातच बेकायदा. तरी ती रिक्षांच्या पाठीवर आणि मोबाइलवर रोज दिसते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे, आणि राज्यातील बहुतेक एमबीबीएस व बीएएमएस पदव्या तेच देते. एकाच छपराखाली परीक्षा होणाऱ्या या दोन शास्त्रांची पेशंटच्या कागदावर मात्र भेट होत नाही. चूर्ण घ्यायचेच असेल तर बरणी दोन्हीकडे दाखवावी आणि सुरू करण्यापूर्वी उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) व यकृताच्या तपासण्या कराव्यात. एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर तेवढा काळ सोबत राहते. ‘आठ दिवसांत फरक’ असे छापलेल्या बरणीने हा आकडा आठ दिवसांत फारसा हलत नाही.