जॅकवर उचललेल्या विमानाचं चाक हलवून का बघतात?

छोटं विमान तपासणीला आलं की ते जॅकवर उचलतात आणि चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघतात. विमान जमिनीवर उभं असताना हे करून फारसा उपयोग नाही. सेस्ना १७२ सारखं चार आसनी विमानसुद्धा पूर्ण भरल्यावर हजार किलोंच्या वर जातं. ते वजन सांधे एका बाजूला दाबून धरतं आणि झिजलेला बुशही (सांध्यात बोल्टभोवती बसवलेली छोटी नळी) घट्ट वाटतो.

चाक वरून आणि खालून धरून हलवलं की बेअरिंगमधला ढिलेपणा कळतो. पुढच्या चाकाला मात्र पीळ देऊनही बघावा लागतो. त्याचा धक्के झेलणारा पाय, म्हणजे शॉक स्ट्रट, हा एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. त्या वर-खाली सरकायला हव्यात, पण आतली नळी स्वतःभोवती फिरता कामा नये. म्हणून बाहेरून कैचीसारखे दोन दांडे जोडलेले असतात. ते टॉर्क लिंक. झीज बहुतेक त्यांच्याच बोल्ट आणि बुशमध्ये होते. एकाने चाक पिळायचं, दुसऱ्याने सांध्याच्या दोन्ही भागांवर एकच बोट आडवं टेकवायचं. नजरेला न दिसणारी हालचाल बोटाला लगेच जाणवते.

एवढीशी फट एवढी महत्त्वाची का? सांधा स्ट्रटच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर आणि टायरची कड २० सेंटिमीटरवर असेल, तर सांध्यातली ०.२ मिलिमीटरची फट टायरच्या कडेला ०.४ मिलिमीटर होते. पण मला खरा धोका वेगळाच वाटतो. धावपट्टीवर पुढचं चाक कधी कधी सेकंदाला दहा-वीस वेळा डावी-उजवीकडे थरथरतं, सामानाच्या ट्रॉलीचं चाक थरथरतं तसं. याला शिमी म्हणतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा विमानाच्या धावण्यातूनच मिळते, त्यामुळे थरथर आपोआप वाढत जाऊ शकते. ती जिरवायला शिमी डॅम्पर बसवलेला असतो. पण फट संपेपर्यंत चाकाची हालचाल डॅम्परपर्यंत पोचतच नाही. तेवढ्या पट्ट्यात चाक मोकाट असतं, आणि फट संपली की सांध्यावर दर वेळी ठोका बसतो. ठोक्यांनी बुश आणखी झिजतो.

नट आवळून हे बरं होत नाही. झीज बुशच्या आतल्या पृष्ठभागावर असते. जास्त आवळलं तर बोल्टवरच नको तेवढा ताण येतो. किती ढिलेपणा चालेल ते त्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये पाहायचं, आणि मर्यादा ओलांडली असेल तर बुश बदलायचा. पोलादी बोल्टभोवती तांबूस भुकटी दिसली तर तिथे धातूवर धातू घासतोय असं समजावं. शिमीची तक्रार आली की आधी डॅम्पर बदलायचा मोह होतो, पण बुश खुळखुळत असेल तर नवा डॅम्परही त्याच फटीमागे अडकून राहतो.