सॅम्पल अँड होल्ड मॉड्यूल, घरगुती

मॉड्युलर सिंथेसायझरमधील हे मॉड्यूल बदलत्या व्होल्टेजचे एका क्षणीचे मूल्य उचलते आणि पुढचा ट्रिगर (इशाऱ्याचा विद्युतठोका) येईपर्यंत तेच बाहेर देत राहते. आत नॉइज (नुसती खरखर) सोडला की दर ठोक्याला वेगळी, अंदाज न येणारी पायरी मिळते. ती ऑसिलेटरला (सूर काढणाऱ्या मॉड्यूलला) दिली तर जुन्या विज्ञानपटांतल्या संगणकाची टिवटिव ऐकू येते. सावकाश चढणारी करवती लहर दिली तर स्वरांचा जिना तयार होतो. १९७० च्या दशकारंभीच्या एआरपी २६०० या सिंथेसायझरमध्ये हे मंडल (सर्किट) मुळातच होते. गुजरातेतही असली यंत्रे तेव्हा नवखी नव्हती: बडोद्यापासून शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ मध्ये संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता.

मंडलात एक इलेक्ट्रॉनिक स्विच, एक कपॅसिटर आणि एक बफर एवढेच असते. स्विच क्षणभर मिटतो, कपॅसिटर भरतो, स्विच उघडतो; बफर कपॅसिटरला धक्का न लावता त्याचे व्होल्टेज पुढे कळवतो. एलएफ३९८ या आठ पायांच्या आयसीत (चिपमध्ये) स्विच आणि बफर दोन्ही आहेत. तिसऱ्या पायाला इनपुट, पाचव्याला आउटपुट, सहाव्याला कपॅसिटर, आठव्याला ट्रिगर. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने हीच घ्यावी. नुसते स्विच असलेली सीडी४०६६ ही आयसी स्वस्त पडते खरी, पण तिला एकूण १८ व्होल्टपेक्षा जास्त पुरवठा चालत नाही आणि युरोरॅक या प्रचलित मॉड्यूल-पद्धतीत अधिक-उणे १२ मिळून २४ होतात. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, ७८१२ आणि ७९१२ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसी यांवर घरी केलेल्या सप्लायलाही ती थेट जोडली तर जळते.

ट्रिगर अगदी आखूड लागतो. येणारा गेट (कळ दाबलेली असेपर्यंत टिकणारे व्होल्टेज) १ नॅनोफॅरड आणि १०० किलोओहम यांतून नेला की सव्वाशे मायक्रोसेकंदांच्या आसपासचा पल्स मिळतो. १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर भरायला एलएफ३९८ला २० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे वेळ भरपूर. उलटी टोके कापायला १एन४१४८ डायोड लावावा. नॉइजसाठी बीसी५४७ ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर उलटे जोडून कलेक्टर मोकळा सोडतात आणि आलेला आवाज ऑप-अँपने वाढवतात. ट्रान्झिस्टर सोल्डर न करता आयसी बेसमध्ये खोचावा. एकाच पाकिटातले दहा नग आलटून पालटून लावून जो खरा खरखरतो तो ठेवावा.

मॉड्यूल बरे की वाईट हे कपॅसिटरमधल्या चार्जच्या गळतीवर ठरते. २५ अंश सेल्सिअसला एलएफ३९८ची गळती साधारण ३० पिकोअँपिअर असते. १० नॅनोफॅरडवर त्याचा अर्थ सेकंदाला ३ मिलिव्होल्ट. एका सप्तकाला १ व्होल्ट धरला तर अर्धस्वर ८३ मिलिव्होल्टचा, म्हणजे धरलेला सूर अर्ध्या मिनिटात अर्धस्वराने सरकतो. तापमान १० अंशांनी वाढले की गळती ढोबळमानाने दुप्पट होते. मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या माळ्यावर, पत्र्याखाली, ४५ अंशांत तोच सूर सात सेकंदांत तेवढा ढळेल. पावसाळ्यात वेगळीच भानगड: झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) राहिलेला सोल्डरचा फ्लक्स ओल धरतो आणि आयसी थंड असली तरी बोर्डावरूनच चार्ज निसटतो. सहाव्या पायाभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासावी. शक्य तर तो पाय बोर्डाला न टेकवता कपॅसिटरच्या तारेला हवेतच जोडावा. दिसायला ओंगळ, पण काम चोख. कपॅसिटर पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलीस्टायरीनचा घ्यावा. साध्या सिरॅमिकमध्ये आधीच्या मूल्याचा अंश रेंगाळतो आणि पायरी तिरकी पडते.

तपासताना मल्टिमीटर आउटपुटवरच लावावा. कपॅसिटरवर लावला तर मीटरचे १० मेगाओहम तो सेकंदाच्या काही दशांशांत रिकामा करतात आणि धडधाकट मॉड्यूल बिघडलेले वाटते.

नॉइजमधून उचललेल्या पायऱ्या सप्तकातल्या स्वरांवर नेमक्या बसत नाहीत. गायक उस्ताद फैयाजखाँ ज्या दरबारात गायले त्या बडोद्यातल्या कानांना हे लवकर खुपते. मग पुढे क्वांटायझर जोडून हव्या त्याच स्वरांना वाट देतात, किंवा सूर सोडून हेच व्होल्टेज आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरला देतात. फिल्टरला दिलेले जास्त शोभते.